मुरुमांसाठी काडेचिराईत: किती घ्यायचं, कसं लावायचं आणि कधी थांबायचं

घणसोलीहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. वय २४, नोकरी ठाण्याला. हनुवटीवर, जबड्याच्या कडेने आणि पाठीवर मुरुम. शेजारच्या काकूंनी सांगितलं म्हणून दोन महिने रोज सकाळी उपाशीपोटी काडेचिराईताचं पाणी चालू आहे: मूठभर काड्या, पेलाभर पाणी, रात्रभर भिजत. सुरुवातीला चेहऱ्यावरचं तेल कमी झालं, बरं वाटलं. आता कातडी ओढल्यासारखी कोरडी झाली आहे, सकाळी लोकलमध्ये भोवळ येते आणि मुरुम पुन्हा उठतायत. प्रमाण वाढवू का, की काड्या वाटून लेप लावू? आईला मधुमेहाची गोळी चालू आहे, तीही हेच पाणी पिते, चालेल का?

प्रमाण वाढवू नका. उलट पाणी उद्यापासून बंद करा. कातडी कोरडी पडणं आणि भोवळ येणं म्हणजे ‘आतली घाण बाहेर पडतेय’ असं अजिबात नाही. औषध जास्त झालंय, एवढाच त्याचा अर्थ. कडू रस अति झाला की काय होतं ते चरकाने स्पष्ट सांगून ठेवलंय: खरखरीतपणा, तोंडाला कोरड, बळ कमी होणं, अंग वाळणं, चक्कर. तुमच्या दोन्ही तक्रारी त्यात बसतात.

आता मूळ मुद्दा. काडेचिराईत हे थेट त्वचेचं औषध म्हणून घरोघरी पोचलंय, पण ते आधी पोटाचं आणि तापाचं औषध आहे. चरकसंहितेत औषधांचे ५० गट सांगितलेत, प्रत्येकात दहा-दहा वनस्पती. खाज कमी करणाऱ्या गटात कडुनिंब आहे. कुष्ठघ्न, म्हणजे त्वचारोगांवरच्या गटात खैर, हळद, आवळा, बाहवा आहेत. वर्ण सुधारणाऱ्या गटात चंदन, वाळा, मंजिष्ठा, ज्येष्ठमध, अनंतमूळ. या तिन्ही गटांत काडेचिराईत नाही. ते सापडतं तहान भागवणाऱ्या आणि अंगावरचं दूध शुद्ध करणाऱ्या गटांत. त्वचेच्या विकारांत ते येतं ते मोठ्या पाठांमधला, म्हणजे औषधांच्या ठरलेल्या कृतींमधला, एक घटक म्हणून, उदाहरणार्थ महातिक्तक घृतात. आणि तो पाठ तुपात सिद्ध करायचा आहे, हे लक्षात घ्या. कडू, थंड, हलकं आणि रूक्ष असं हे द्रव्य. पित्त आणि कफ उतरवतं, पण ओलावाही ओढून घेतं. म्हणून जुन्यांनी त्याला तुपाची जोड दिली. आपण काड्या तेवढ्या उचलल्या आणि तूप मागेच राहिलं.

म्हणून ते कुणाला लागू पडतं हे आधी ठरवावं लागतं. चेहरा तेलकट, फोड लाल आणि गरम, तोंड सकाळी कडवट किंवा चिकट, भूक मंद, शौचाला चिकट होतं, ऑक्टोबरच्या उन्हात त्रास वाढतो, अशा माणसाला थोड्या दिवसांचं काडेचिराईत छान काम करतं. पित्ताचा जोर शरद ऋतूत, म्हणजे आश्विन-कार्तिकात असतो आणि कडू औषधांचा खरा हंगामही तोच. याउलट अंगाने बारीक, कातडी मुळात कोरडी, पोट फुगतं, मलावरोध खडा होणारा, झोप कमी, अशा माणसाच्या चेहऱ्यावर मुरुम आहेत एवढ्यावरून कडू देऊ नये. फोड दोघांचेही सारखेच दिसतात, शरीरं वेगळी असतात. बहुतेक बिघाड इथेच होतो.

प्यायचंच असेल तर पहिला प्रश्न: हातात आहे ते काडेचिराईतच आहे का? खरं काडेचिराईत हिमालयातलं. आपल्याकडे ते वाळलेल्या काड्यांच्या जुड्यांत येतं. बाजारात त्याच्या नावावर सर्रास मिसळलं किंवा विकलं जातं ते कालमेघ, ज्याला कोकणात पालेकिराईत किंवा नुसतं किराईत म्हणतात. ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात काष्ठौषधी घेताना जुडी सोडून बघायला मागा. खऱ्या काडीचा रंग पिवळट तपकिरी ते जांभळट तपकिरी असतो. बुंध्याकडे काडी गोल, वर जाताना किंचित चौकोनी. नखाने उभी चिरली की आत पिवळसर, सलग, सहज सुटणारा गाभा निघतो. कालमेघाची काडी हिरवी, बऱ्यापैकी चौधारी, पेरांशी थोडी फुगलेली, आणि सोबत काळपट हिरव्या पानांचा चुरा भरपूर. चव दोन्हींची जहाल कडू, त्यामुळे चवीवर जाऊ नका. चूर्ण घेतलंत तर ओळखायला काहीच उरत नाही, म्हणून काड्याच घ्या.

हा फरक नुसता शास्त्रापुरता नाही. कालमेघाने काही जणांच्या अंगावर पित्त उठतं, गांध्या येतात, क्वचित ओठ-पापण्या सुजतात आणि श्वास लागेपर्यंत ॲलर्जी जाते. त्वचेसाठी म्हणून सुरू केलं आणि अंगभर गांध्या आल्या, तर जुडी तपासायलाच हवी. ओठ सुजले किंवा श्वास लागला तर मात्र जुडी वगैरे नंतर, आधी जवळचं हॉस्पिटल.

एका वेळी ५० ग्रॅमपेक्षा जास्त घेऊ नका. आपल्याकडच्या दमट हवेत, विशेषतः जून ते सप्टेंबर, काड्यांना बुरशी धरते. गाभ्यात काळे ठिपके दिसले, कुबट वास आला, जुडीतून पीठ गळायला लागलं की टाकून द्या. उन्हात वाळवून ती परत चांगली होत नाही. आणल्यावर काड्या झटकून, चटकन पाण्याखाली धुऊन, तासभर कडक उन्हात वाळवा, बोटभर तुकडे करून घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवा. स्वयंपाकघरात गॅसशेजारच्या फळीवर नको, तिथे वाफ लागते.

आता मात्रा. मूठभर हे माप नाही. चूर्णाची शास्त्रीय मात्रा दिवसाला १ ते ३ ग्रॅम. काढ्यासाठी शास्त्रात यापेक्षा बरंच जास्त द्रव्य सांगितलंय, पण ते तापासारख्या आजारात, वैद्याच्या नजरेखाली. मुरुमांसाठी घरच्या घरी काढा नकोच. उकळून केलेल्या काढ्याने निम्म्या लोकांना मळमळ होते आणि उरलेले तो सिंकमध्ये ओततात. रात्रभर भिजवलेलं पाणी, ज्याला शास्त्रात हिम म्हणतात, ते पुरेसं आहे.

कृती अशी. काड्यांचे तुकडे खलबत्त्यात भरड कुटा; पीठ नको, रवाळही नको, जाडसर तंतू दिसले पाहिजेत. २ ग्रॅम भरड घ्या. काडी हलकी असते, त्यामुळे चमच्यात किती बसते ते भरडीवर अवलंबून. सोनं मोजतात तसला छोटा डिजिटल काटा घरात असेल तर एकदा मोजून चमच्यावर खूण करून ठेवा. शास्त्राप्रमाणे हिमात द्रव्याच्या सहापट पाणी असतं, पण २ ग्रॅम काडी १२ मिलिलिटर पाण्यात नीट भिजतसुद्धा नाही. त्यामुळे व्यवहारात उकळून गार केलेलं १०० मिलिलिटर, म्हणजे चहाच्या कपापेक्षा थोडं कमी पाणी घ्यायचं. भांडं काचेचं, स्टीलचं किंवा मातीचं. तांब्याचं नको. झाकून ८ ते १० तास ठेवा. सकाळी स्वच्छ सुती फडक्यातून गाळा, चोथा पिळू नका. पिळला की तळाचा गाळ आणि काडीचे बारीक तंतू खाली येतात आणि घशाला खवखवतं. पाणी फिकट पिवळं, चहाच्या पहिल्या धुवणासारखं दिसतं. गडद तपकिरी झालं तर काड्या जास्त पडल्यात.

मे महिन्यात आणि ऑक्टोबरात रात्रीही खोली तापलेलीच असते. त्या दिवसांत १२ तासांच्या वर ठेवलेलं पाणी आंबूस होतं, वर बारीक बुडबुडे दिसतात. तेव्हा ते फ्रिजमध्ये भिजवा आणि सकाळी अर्धा तास बाहेर ठेवून प्या. त्याच काड्या दुसऱ्या, तिसऱ्या दिवशी परत भिजवायची पद्धत फार घरांत आहे. कडूपणा उरतो म्हणून लोकांना वाटतं औषध उरलंय. दुसऱ्या दिवसापर्यंत त्यावर जंतूही वाढलेले असतात, आणि मग पोट बिघडलं की दोष औषधाला.

पहिले तीन दिवस ५० मिलिलिटर, नंतर सोसलं तर १००. वेळ सकाळची, पण पिऊन तसंच स्टेशनला धावायचं नाही. कडू रसाने लाळ आणि जठरातला पाचक स्राव वाढतो, भूक लागते. हे त्याचं कामच आहे. त्या भुकेला अन्न मिळालं नाही तर जळजळ होते, हातपाय गळतात. तुम्ही पाणी पिऊन, काही न खाता, उभ्याने ठाण्यापर्यंत येत असाल तर भोवळ येणारच. पाणी प्यायल्यावर अर्ध्या तासाच्या आत नाश्ता झाला पाहिजे. कडूपणा घालवायला नंतर खडीसाखरेचा खडा चघळला तर हरकत नाही. पाण्यात गूळ ढवळू नका, गूळ उष्ण.

आणि दुपारच्या किंवा रात्रीच्या जेवणात गरम भातावर, आमटीवर एक चमचा साजूक तूप. मुरुम आहेत म्हणून तूप बंद केलेल्यांना हे पटत नाही, पण कडू चालू असताना तूप बंद असेल तर वर सांगितलेला कोरडेपणा ठरलेला.

सलग १४ दिवस, फार तर २१. मग महिनाभर तरी थांबायचं. दोन महिने रोज, वर्षभर रोज, ‘रक्त शुद्ध होतंय’ म्हणून, हे कुठल्याही शास्त्रात बसत नाही. इथे एक गोष्ट समजून घ्या: वर दिसणारा मुरुम आज तयार झालेला नसतो, त्वचेच्या छिद्रात तो कित्येक आठवडे आधी सुरू झालेला असतो. त्यामुळे कोणतंही औषध, आयुर्वेदाचं असो की ॲलोपॅथीचं, मुरुमांवर खरं किती चाललं ते सहा-आठ आठवड्यांनी कळतं. पहिल्या पंधरवड्यात तुम्हाला जे बरं वाटलं ते बहुधा तेल कमी झाल्यामुळे. काडेचिराईत थांबवल्यावर उरलेले आठवडे आहार, झोप आणि बाहेरची काळजी यांनी काढायचे असतात, काड्यांनी नाही.

ज्यांना एवढं कडू झेपत नाही, किंवा कातडी मध्यम आहे, त्यांच्यासाठी सौम्य जोड: काडेचिराईत १ ग्रॅम, अनंतमूळ २ ग्रॅम, धणे ३ ग्रॅम, सगळं भरड, १०० मिलिलिटर पाण्यात तसंच भिजवून. अनंतमूळ गोडसर आणि थंड, ते चिराईताची रूक्षता सांभाळतं. अनंतमूळ जुनं असेल तर त्याचा तो कापूर-व्हॅनिलाच्या मधला सुगंध जातो. वास नसेल तर घेऊ नका. तुम्हाला पुढे कधी परत घ्यायचंच झालं तर हे घ्या, नुसत्या काड्या नकोत.

एक मोठी गफलत इथे सांगायला हवी. महासुदर्शन चूर्णात बाकी सगळ्या औषधांच्या वजनाच्या निम्म्याइतकं एकटं काडेचिराईत असतं. महामंजिष्ठादि काढ्यातही ते आहे. म्हणजे सकाळी काड्यांचं पाणी, दुपारी सुदर्शनच्या गोळ्या, रात्री महामंजिष्ठादि, असं चालू असेल तर तीन वेगळी औषधं चालू आहेत असं वाटतं, पण एकच कडू द्रव्य तीनदा पोटात जातंय. बाटलीवरची घटकांची यादी वाचा. किराततिक्त, भूनिंब, चिराईत, ही सगळी त्याचीच नावं.

पुढच्या लोकांनी हे पाणी स्वतःहून घेऊच नये: गरोदर बाया आणि बाळासाठी प्रयत्न करणाऱ्या, जठर किंवा ड्युओडेनममध्ये, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, अल्सर असलेले, कारण पाचक स्राव वाढला की जखम चिडते, वारंवार आम्लपित्त होणारे, बारा वर्षांखालची मुलं, आणि मुरुमांसाठी त्वचारोगतज्ज्ञांकडून आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असलेले. त्या गोळीने ओठ आणि कातडी आधीच कोरडी पडतात, यकृतावर नजर ठेवावी लागते, त्यात आणखी एक औषध मिसळायचं कारण नाही. अंगावर पाजणाऱ्या बायकांसाठी शास्त्रात चिराईत आहे हे वर आलंच, पण ते वैद्याने बघून द्यायचं, काकूंनी नव्हे.

आता लेपाकडे. तुमचा प्रश्न काड्या वाटून लावू का, असा आहे. वाटून नका लावू. काडी लाकडी आहे. मिक्सरमधून कितीही फिरवली तरी तिचे टोकदार तंतू राहतात आणि ते चेहऱ्यावर चोळले की सॅण्डपेपरचं काम करतात. सूजलेल्या फोडाचं तोंड फुटतं, पू आजूबाजूला पसरतो आणि आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीवर मागे काळा डाग राहतो. मुरुम आठवड्यात जातो, तो डाग महिने जात नाही.

बाहेरून काडेचिराईत वापरायचं तर धावनासाठी, म्हणजे धुण्यासाठी. १० ग्रॅम भरड ४०० मिलिलिटर पाण्यात मंद आचेवर, झाकण न ठेवता, निम्मं होईपर्यंत उकळा. दुहेरी फडक्यातून गाळा, अंगाला सोसेल इतकं कोमट होऊ द्या. साध्या सौम्य फेसवॉशने चेहरा धुऊन, कापसाचा बोळा त्या काढ्यात बुडवून फोडांवर दोन-तीन मिनिटं हलकेच टेकवत राहा, घासू नका. पाच मिनिटांनी साध्या पाण्याने धुवा, टॉवेलने टिपा. पाठीसाठी आंघोळीच्या शेवटी मगभर ओता आणि पाच मिनिटांनी साधं पाणी. आठवड्यातून तीनदा पुरे. काढा त्याच दिवशी संपवा; फार तर झाकून फ्रिजमध्ये एक दिवस. स्प्रेच्या बाटलीत भरून आठवडाभर वापरलेला काढा म्हणजे जंतूंचं पाणीच.

खरं सांगायचं तर धुण्यासाठी कडुनिंबाची पानं काडेचिराईतापेक्षा सरस आहेत, स्वस्त आहेत आणि ठाणे-नवी मुंबईत रस्तोरस्ती आहेत. दोन मुठी पानं दोन लिटर पाण्यात दहा मिनिटं उकळली की पाठ धुवायला भरपूर. मात्र एमआयडीसीच्या पट्ट्यातली किंवा हायवेच्या कडेची पानं धूळ-काजळीने माखलेली असतात, ती तीन-चार पाण्यांनी धुवा, किंवा सोसायटीच्या आतल्या झाडाची घ्या. आणि झाड कडुनिंबाचंच आहे ना ते बघा: बकाणा निंबाचं पान फांद्या फुटून दोन-तीनदा विभागलेलं असतं, फुलं जांभळट येतात, आणि त्याची फळं विषारी आहेत. कडुनिंबाच्या एका देठावर दोन्ही बाजूंनी करवती कडेची पानं एकाच रांगेत असतात, फुलं पांढरी. शेतीच्या दुकानातलं फवारणीचं निंबतेल अंगाला लावायचं नाही, त्यात विरघळवायला इतर रसायनं घातलेली असतात. आणि कसलंही निंबतेल लहान मुलाच्या तोंडात जाता कामा नये. उलट्या, गुंगी, झटके येऊन मुलं गंभीर झाल्याची उदाहरणं वैद्यकात नोंदलेली आहेत.

लेपच हवा असेल तर वस्त्रगाळ चूर्ण घ्या, म्हणजे तलम कापडातून झटकून पडेल तेवढंच. चिमटीत धरून गालावर घासलं तर टोचता कामा नये, ही परीक्षा. एक भाग चिराईत चूर्ण, तीन भाग मुलतानी माती, साधं गुलाबपाणी. कातडी कोरडी असेल तर माती टाळा, त्याऐवजी अनंतमूळ-ज्येष्ठमधाचं चूर्ण आणि निरसं दूध. तुमच्या आत्ताच्या कातडीला यातलं काहीच नको. आधी ती शांत होऊ दे.

लेपाचे जुने नियम आजही तंतोतंत लागू आहेत. ओला आहे तोवरच लेप काम करतो; सुकून तडकला की त्वचा ओढतो, आणि तसा ठेवला तर नुकसानच करतो. पंख्याखाली ८ ते १० मिनिटांत कडा पांढऱ्या पडायला लागतात, तेव्हाच पाणी शिंपडून काढा. रात्री लेप लावू नये. शिळा लेप, कालचा उरलेला, पुन्हा लावू नये. एका लेपावर दुसरा चढवू नये. शेवटचे दोन नियम मोडणारे फार भेटतात, कारण वाटी भरून कालवलेलं टाकवत नाही. एक चमचाच कालवा.

लिंबू कशातच पिळू नका. लिंबाचा रस लागलेल्या कातडीवर ऊन पडलं की काळे, कधी भाजल्यासारखे चट्टे येतात. खायचा सोडा, टूथपेस्ट, तुरटीची पूड, यांचंही तेच: जळजळीला लोक ‘लागू पडतंय’ समजतात. कोणताही लेप किंवा काढा पहिल्यांदा वापरताना कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेत लावून बघा, दोन-तीन दिवस रोज. लाली, खाज, बारीक पुरळ आलं तर ते औषध तुमचं नाही. चेहरा धुतल्यावर तेल नसलेलं मॉइश्चरायझर लावा. खोबरेल तेल अंगाला उत्तम, पण मुरुमांच्या चेहऱ्यावर ते छिद्रं बुजवतं.

पाठीबद्दल वेगळं बोलायला हवं. गर्दीच्या ट्रान्स हार्बर लोकलमध्ये घामेजल्या पाठीवर सॅकचा पट्टा घासला जातो, त्या जागी मुरुम येतात. टू-व्हीलर असेल तर हेल्मेटच्या पट्ट्याखाली हनुवटीवर तसेच. हेल्मेटचं आतलं अस्तर शेवटचं कधी धुतलं ते आठवा. ऑफिसला पोचल्यावर घाम टिपणं, घरी आल्यावर लगेच आंघोळ, सुती बनियन किंवा कुर्ता, यांचा उपयोग काढ्यापेक्षा जास्त होतो. पाठीवर-छातीवर सगळे पुरळ एकाच आकाराचे, बारीक आणि खाजणारे असतील तर ते मुरुम नसून घामात वाढणाऱ्या बुरशीमुळे केसांच्या मुळांना आलेली सूज असू शकते. त्याला बुरशीवरचं औषध लागतं, चिराईताने ते हटत नाही.

नायट्याचंही तसंच. गोल, कड लाल आणि उठावदार, मधे साफ होत जाणारा चट्टा असेल तर त्यावर लेप लावत बसू नका. मेडिकलमधून आणलेलं स्टेरॉइडमिश्रित मलम तर मुळीच नको. खाज थांबते, चट्टा पसरतो. २०१८ साली केंद्र सरकारने अशी बरीच स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत अशा यादीत घातली, तरी काउंटरवर ती मागितली की मिळतात. तुम्ही चेहऱ्यावर ‘गोरेपणाचं’ रात्रीचं क्रीम लावत असाल तर त्याची ट्यूब घेऊन डॉक्टरांकडे जा. स्टेरॉइडने येणाऱ्या मुरुमांना कुठलीच काडी पुरत नाही, आणि ते क्रीम एकदम बंद केलं तर आधी चेहरा भडकतो, त्यामुळे हे घरी करायचं काम नाही.

तुमच्या वर्णनात मला खटकतो तो जबडा आणि हनुवटी. या वयात तिथेच मुरुम येत असतील, पाळी पुढे-मागे होत असेल, ओठांवर-हनुवटीवर राठ केस येत असतील, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. सोनोग्राफी, हार्मोन्सच्या तपासण्या झाल्यावर पुढचं ठरवता येतं. पीसीओएस, म्हणजे अंडाशयांशी जोडलेला हार्मोन्सचा बिघाड, असेल तर चेहरा धुऊन किंवा कडू पिऊन मूळ तक्रार जागेवरच राहते. जिममध्ये व्हे प्रोटीन सुरू केल्यापासून मुरुम वाढलेत का, तेही बघा. दुखऱ्या, खोल गाठी येत असतील किंवा खड्डे पडायला लागले असतील तर थेट त्वचारोगतज्ज्ञ. खड्डा पडून गेल्यावर तो भरून देणारा लेप नाही.

तर पुढचे चार आठवडे तुमच्यासाठी एवढंच: काड्यांचं पाणी बंद, लेप नाही, चेहरा दिवसातून दोनदाच धुवायचा, वर मॉइश्चरायझर आणि सकाळी सनस्क्रीन, जेवणात तूप, नाश्ता केल्याशिवाय घर सोडायचं नाही. पाठीला आठवड्यातून तीनदा कडुनिंबाचं पाणी चालेल. भोवळ आठवड्याभरात थांबली नाही तर हिमोग्लोबिन आणि रक्तदाब तपासून घ्या, सगळं खापर चिराईतावर फोडायला नको.

आईंचं मात्र आजच थांबवा. चिराईताने रक्तातली साखर उतरू शकते. त्यात ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन असेल आणि उपाशीपोटी हे पाणी गेलं, तर साखर जास्तच खाली जाऊन घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते. वय झालेल्या माणसाला हे अशक्तपणा म्हणून अंगावर काढायची सवय असते. गेल्या दोन महिन्यांत त्यांना सकाळी असं काही झालं का ते विचारा. झालं असेल तर ग्लुकोमीटरवरचे आकडे लिहून त्यांच्या डॉक्टरांना दाखवा, आणि दोन महिने काडेचिराईत चालू होतं हेही सांगा. कारण एवढ्यात डॉक्टरांनी त्या कमी झालेल्या साखरेकडे बघून गोळी कमी केली असेल, तर पाणी बंद झाल्यावर साखर परत वर जाईल. पाणी थांबवल्यापासून पंधरा दिवस सकाळची उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची साखर एक दिवसाआड मोजून वहीत मांडा. गोळीची मात्रा त्या आकड्यांवरून डॉक्टरच ठरवतील.